पुस्तकी किडा म्हणजे नेमका कोणता?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं निमंत्रण आलं आणि ग्रंथालयाच्या सरांशिवाय दुसरं कुणी डोळ्यांपुढे येईना. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी.

मधल्या सुट्टीत वाचत बसलेल्या पोराला कुणी ‘पुस्तकी किडा’ म्हटलं, की सर चिडवणाऱ्यालाच आत बोलवायचे. “कोणता किडा म्हणालास रे? कसर, वाळवी, की भुंगेऱ्याची अळी?” उत्तर येत नसे. मग त्याच्यासमोर एक जुना जाडजूड कोश निघे. पांढऱ्या कागदावर तो उभा धरून सर पुठ्ठ्यावर टिचकी मारत. बारीक फिकट भुकटी पडली, तर अळी आत जिवंत असण्याचा संशय. काहीच पडलं नाही, तर भोकं बहुधा जुनी. आरपार गोल भोकं पाडणारी ती हीच. हळद-धने पोखरणारा दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा असतो ना, त्याची अळी पुस्तकातही शिरते, कारण बांधणीतली खळ तिला आवडते.

कसर भोक पाडत नाही. ती वरवर खरवडते: लेबलं, गुळगुळीत कागद, कापडी बांधणीवरची कांजी. रॉबर्ट हुक यांनी १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून पाहून जिचं चित्र छापलं आणि जिला पुस्तककिडा म्हटलं, ती ही चंदेरी कसरच. पान उलटताना धुळीच्या कणासारखा पळणारा मिलिमीटरभर जीव मात्र मुख्यतः बुरशीवर जगतो. तो दिसला की पुस्तकावर राग काढू नका, ओल शोधा, असं सर सांगत. वाळवी भिंतीतून किंवा फरशीतून मातीची नळी बांधत येते, म्हणून त्यांची कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब असत.

तासाच्या शेवटी एक कोडं ठरलेलं. फळीवर पहिला आणि दुसरा खंड डावीकडून उजवीकडे, कणा बाहेर करून ठेवलेत. प्रत्येकाची पानं ४ सेंटिमीटर जाड, प्रत्येक पुठ्ठा ३ मिलिमीटर. पहिल्या खंडाच्या पहिल्या पानापासून दुसऱ्याच्या शेवटच्या पानापर्यंत अळीने किती पोखरलं? हुशार मुलं ८६ मिलिमीटर सांगत. उत्तर फक्त ६. उभ्या ठेवलेल्या पुस्तकाचं पहिलं पान उजव्या अंगाला येतं, त्यामुळे मध्ये दोन पुठ्ठेच उरतात. “अळीला विचारा, ती पुस्तक हातात घेऊन बघते,” असं म्हणून सर स्वतःच हसत.

नागपूरच्या मे महिन्यात वाचनालयातला कूलर त्यांनी कधीही कपाटांकडे तोंड करून लावू दिला नाही. बाहेर ४५ अंशांची कोरडी हवा आणि आत खसच्या ताट्यांतून येणारी ओल. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरू लागते. मग पावसाळ्याचीही वाट पाहावी लागत नाही. पुस्तकं कडक उन्हातही घालायची नाहीत, कागद पिवळा पडतो. सावलीत, पानं उलगडून, पंख्याखाली. बाइंडरने खळीत मोरचूद घालण्याचा जुना रिवाज सर पाळत. मोरचुदातल्या तांब्याने कागद पुढे ठिसूळ होतो, म्हणून जतनाच्या कामात आम्ही आता ते टाळतो. ह्या कामाची गोडीही त्यांचीच देणगी.

हल्ली वाचनालयाची खोली संगणकांना गेली आणि कपाटं व्हरांड्यात भिंतीला चिकटून उभी आहेत. पाहून वाईट वाटलं. निदान ती पुढे ओढा. महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांकडून येणारी पुस्तकं थेट फळीवर लावू नका. वेगळ्या खोलीत टिचकीची परीक्षा करा. भुकटी पडली, तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड पानांवर दव धरतं.