तुम्ही विचारलंत म्हणून: फाशी, गांजा आणि 20 किलोचा काटा

"नायब साहेब, ह्या ड्रग्जवाल्यांना सरळ फाशी कामून देत न्हाईत?"

लग्नाच्या पंगतीत वरणवाला दुसऱ्यांदा फिरकायच्या आत शेजारचा माणूस हा प्रश्न काढतोच. 2025 च्या फेब्रुवारीत तुळजापूरचं एमडीचं, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचं, प्रकरण निघालं. एप्रिलमध्ये चाकूर तालुक्यातल्या रोहिणा शिवारात, शेतातल्या शेडमध्ये 11 किलोंवर एमडी सापडलं. तेव्हापासून साखरपुडा असो की तेरवी, विषय ठरलेला. "देवीच्या गावात हे धंदे! दोन-चार लटकवा चौकात, बाकीचे आपसूक सरळ होतील." पाठोपाठ सिंगापूर येतं. बोलणाऱ्यानं सोलापूरच्या पुढे पाऊल टाकलेलं नसतं, पण सिंगापूरचा कायदा त्याला पाठ असतो.

मला विचारायचं कारण एवढंच की मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम 50 प्रमाणे अंगझडतीच्या आधी संशयिताला सांगावं लागतं, की बाबा, तुझी झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्यावी असं तुला वाटत असेल तर तसा तुझा हक्क आहे. त्या हक्काची पूर्तता म्हणजे मी. रात्री दीडला फोन यायचा, "साहेब, जरा येता का?" शेतातल्या गांजाच्या झाडांना अंगझडती नसते, तिथं माझी कायद्यानं गरजही नसायची, तरी न्यायचे. कागद भारदस्त दिसतो. अशा 11 धाडी मी पाहिल्या.

तर, भीतीनं काही होतं का? होतं. पण काय होतं ते सांगतो.

एका रात्री रेल्वे स्टेशनच्या मागच्या रस्त्याला चार पोरं धरली होती. सिकंदराबादच्या बाजूनं आलेली. आंध्र-ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरातला गांजा तेलंगणातून नांदेड-लातूरकडे असाच येतो, कधी रेल्वेनं, कधी ट्रकमध्ये भुशाच्या पोत्यांखाली. चौघांच्या चार बॅगा. आत खाकी चिकटपट्टीनं गच्च आवळलेली पाकिटं, आणि वास मारू नये म्हणून भोवती कॉफीची पूड. बाजारातल्या किराणा दुकानदाराला उठवून त्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता. पहिली बॅग 18 किलो 400. दुसरी 19 किलो 100. तिसरी 18 किलो 900. चौथीला सगळेच वाकून बघायला लागले. 19 किलो 300.

फौजदारानं कपाळाला हात लावला. गांजाचं व्यापारी प्रमाण सुरू होतं 20 किलोला. त्याच्या वर गेलं की किमान 10 वर्षं, जास्तीत जास्त 20, आणि कलम 37 आडवं येऊन जमानत जवळजवळ बंद. एकाही पोराची बॅग 20 ला टेकलेली नव्हती. चौघं एकमेकांना ओळखतही नव्हते म्हणे. एकाच गाडीतून, एकाच रंगाच्या चिकटपट्टीत.

त्यातल्या सगळ्यात लहान पोराला मी चहा दिला आणि विचारलं, किती वर्षं जातो माहीत आहे का रे? ते त्याला माहीत नव्हतं. त्याला एकच माहीत होतं, "अण्णा म्हणले, वीसच्या आत असलं की जमानत हुते." एका खेपेचे त्याला 5,000 मिळणार होते, त्यातले 1,000 आगाऊ मिळालेले. अण्णा कोण, ते त्या कागदांत शेवटपर्यंत आलं नाही.

त्या रात्रीनंतर सिंगापूरचं नाव निघालं की मला त्या चार बॅगा आठवतात. तिथला अमली पदार्थांचा कायदा 1973 चा. 1975 पासून 15 ग्रॅमच्या वर शुद्ध हेरॉइन नेणाऱ्याला सक्तीची फाशी. गांजाचा आकडा 500 ग्रॅमचा आहे. फाशीनं जरब बसते याचा पुरावा म्हणून तिथलं सरकार एक आकडा नेहमी पुढे करतं: 1990 मध्ये 1,200 ग्रॅमच्या वरच्या अफूला सक्तीची फाशी लावली, आणि पुढच्या चार वर्षांत अफूच्या खेपेचं सरासरी वजन 66 टक्क्यांनी उतरलं. गांजाचंही तसंच, फाशीच्या रेषेपेक्षा जास्त माल नेणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं. हे आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. उलट ते मला अगदी ओळखीचे वाटतात. वजन उतरलं, माणसं उतरली असं त्यात कुठं आहे? आमच्या चार पोरांनीही वजन उतरवलंच होतं की. काटा घरूनच मारून निघाले होते.

आता कुणी म्हणेल, तरी सिंगापुरात नशा आपल्यापेक्षा कमीच आहे. असेल. पण ते एक बेट आहे, जमिनीवरून मलेशियाला जोडणारे दोनच पूल. तिथं लघवी तपासतात आणि नशा निघाली तर सक्तीनं सुधारकेंद्रात टाकतात. एवढं सगळं असताना श्रेय एकट्या दोराला कसं द्यायचं? आपल्याकडे देगलूर-बिलोलीकडून तेलंगणात जायला हमरस्ता लागतच नाही, धुऱ्याधुऱ्यानं माणूस पलीकडे पोचतो. आणि त्या पुलांच्या पलीकडच्या मलेशियात 1983 पासून तीच सक्तीची फाशी होती. 40 वर्षं वाट पाहून 2023 मध्ये त्यांनी ती सक्ती काढून टाकली. इराणनं शेकड्यांनी माणसं लटकवली, तरी अफगाण अफूची वाट त्यांच्याच देशातून जात राहिली. शेवटी 2017 मध्ये त्यांनीही फाशीसाठी लागणारं वजन वाढवलं. त्यानंतर फाशी एकदम घटल्या, 2021 पासून पुन्हा वाढल्या.

पंगतीतल्या माणसाला दुसरी गोष्ट सांगितली की तो भात कालवायचा थांबतो. आपल्याकडे फाशी आहे. 1985 चा कायदा, त्यात 1989 मध्ये कलम 31अ आलं: मोठ्या प्रमाणातल्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरला की फाशीच, न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही. 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती सक्ती मोडली आणि फाशी द्यायची की नाही हे न्यायाधीशावर सोडलं. 2014 च्या दुरुस्तीत संसदेनंही तेच केलं. म्हणजे 22 वर्षं आपला कायदा सिंगापूरइतकाच सक्तीचा होता आणि चौकात लटकवा म्हणणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. त्या कलमाखाली आजवर एकही माणूस फासावर गेलेला नाही. आणि गंमत बघा, त्या कलमाला जो तक्ता जोडलेला आहे, त्यात हेरॉइन आहे, कोकेन आहे, 20 किलो चरस आहे. आपल्या भागात जे सापडतं ते दोन्ही, गांजा आणि एमडी, त्यात नाहीच. एमडी तर या कायद्याखाली आलं तेच 2015 मध्ये.

तक्त्यात ते घालून टाका, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी तुरीतली केस सांगतो.

मार्गशीर्षातली गोष्ट. तूर डोक्याच्या वर गेलेली, तिच्या दोन ओळींच्या मधे गांजाची झाडं. लांबून पाहिलं तर हिरव्यात हिरवं. शेतकऱ्याचं दोन एकर कोरडवाहू. आदल्या रात्री भुरभुर पाऊस झालेला. पोलिसांनी झाडं मुळासकट उपटली, पेंढ्या बांधल्या आणि तशाच काट्यावर टाकल्या. काळ्या रानात काटा सरळ बसेना, म्हणून आखाड्यावरच्या बाजेची फळी काढून खाली घातली. 23 किलो. मग पोत्यांना सुतळी, सुतळीवर लाख. वाऱ्यानं मेणबत्ती विझायची, हवालदार शिव्या देत पुन्हा पेटवायचा. लेबलांवर पंचांच्या सह्या, माझी सही, काटेवाल्याची सही. शेतकरी धुऱ्यावर उकिडवा बसून होता. बी कुणी दिलं, तर म्हणाला, उसाच्या टोळीबरोबर आलेल्या एका माणसानं. माल झाला की तोच नेणार होता.

व्यापारी प्रमाण लागलं, त्यामुळे शेतकरी दोन वर्षं जमानतीशिवाय आत. सहा वर्षांनी माझी साक्ष लागली. बचावाच्या वकिलांनी आवाज न चढवता विचारलं, "साहेब, हे 23 किलो मुळं, माती, खोड आणि पानं धरूनच ना?" हो. "आदल्या रात्री पाऊस होता?" होता. "बोंडं वेगळी करून वजन केलं?" नाही. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले, फळलेले शेंडे. शेंड्यांपासून वेगळी असतील तर पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. आमच्या पंचनाम्यात शेंड्यांचं वजनच नव्हतं. घाई आमची, आणि तिच्यात मी होतो.

काटेवाला माझ्या आधी साक्ष देऊन गेला होता. फितूर झाला. सही माझी आहे, पण पोलिसांनी कोऱ्या कागदावर घेतली, असं सांगून मोकळा. बाहेर लिंबाखाली मी त्याला धरलं. भला माणूस, 40 वर्षं काट्यात कधी मारलं नाही असं बाजार सांगतो. म्हणाला, "साहेब, धा वर्षं जाईल म्हणे त्यो. पोरगी लग्नाची हाय त्याची. मह्या एका सहीपायी? मला काही आठवत न्हाई."

पैसे खाल्ले असतील का? असतीलही. पण दहा वर्षांच्या नावानं ज्याची जीभ जड झाली, त्याला फाशीच्या केसमध्ये पिंजऱ्यात उभा केला असता तर काय बोलला असता? शिक्षा जेवढी मोठी तेवढा पुरावा घट्ट मागणं हे न्यायाधीशाचं कामच आहे. काट्याखालच्या फळीपासून लाखेच्या सीलपर्यंत आमचं सगळंच ढिलं. विधी आयोगानं 2015 च्या 262 व्या अहवालात लिहिलं आहे, की जन्मठेपेपेक्षा फाशीनं जास्त जरब बसते याला आधार सापडत नाही. मी तो अहवाल वाचला तेव्हा मला त्यातल्या आकड्यांपेक्षा काटेवालाच दिसत होता.

एका बाईंना मात्र मी यातलं काहीच ऐकवू शकलो नाही. आमच्या गल्लीतल्याच. पोरगा संभाजीनगरला शिकायला ठेवलेला. आधी "बटन", म्हणजे त्या झोपेच्या गोळ्या, मग एमडी. दीड वर्षात हाडं दिसायला लागली. त्या माझ्याकडे आल्या, खुर्चीवर न बसता उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, मह्या लेकराला ज्यानं हे दिलं त्याला फाशी व्हायला पाहिजे का नको?" हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या मागं तो पोरगा दाराशी उभा होता, खाली मान घालून. आदल्याच आठवड्यात त्याच्या मित्राच्या बापानं मला सांगितलं होतं, की हा तीन पुड्या आणतो, एक ठेवतो आणि दोन विकून स्वतःच्या पुडीचे पैसे काढतो. म्हणजे त्या मित्राच्या घरी "ज्यानं दिलं" तो हाच.

मी त्यांना कलम 64अ सांगितलं. थोडक्या मालात सापडलेला नशेकरी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावरचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर मात्र ते संरक्षण जाऊ शकतं. बाईंनी विचारलं, असं ठिकाण जवळ कुठं आहे? मी दोन-तीन फोन केले. एकीकडे खाट नव्हती. दुसरीकडे महिन्याचा खर्च सांगितला, तो ऐकून बाई पदर सावरत उठल्या. पोरगा शेवटी मामाच्या गावी नेऊन ठेवला, रानात. सध्या बरा आहे म्हणतात.

परवा शिपाई दारात येऊन समन्स देऊन गेला. चार बॅगांची केस, 2017 ची, आत्ता पुराव्याला लागली आहे. माझी पेन्शन सुरू होऊन तीन वर्षं झाली. सरकारी वकिलांना फोन केला, म्हटलं लाखेचं सील वगैरे सगळं बघून ठेवा, मागच्या वेळी उंदरांनी पोतं कुरतडलं होतं. बघतो म्हणाले. मग साक्षीदारांची यादी वाचून दाखवली: मी, फौजदार, दोन पंच. एका पंचाची बदली गडचिरोलीला झाली आहे. काटेवाल्याच्या नावापुढे "मयत" लिहिलं आहे.