बाई, माईक का घेत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. दर वर्षी विचारता. १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन, जवळ आला, पंचायतीच्या सभागृहात मी बॅनरची दोरी ताणून बांधायला लागले, की कुणीतरी म्हणतंच, ‘बाई, खुर्च्या लावता, चहाचं बघता, मग चार शब्द बोलायला काय होतं? पूर्वी तर किती छान बोलायच्यात.’ मी सांगते, घसा बसलाय. इतकी वर्षं कुणाचा घसा बसून राहत नाही, हे तुम्हालाही कळतं.

बोलायचे, हे खरं आहे. स्वतःच्याच आजाराबद्दल बोलायचे. दोन वर्षं गोळ्या घेतल्या, महिन्याच्या महिन्याला बांबोळीला गेले. ‘बांबोळीला जाऊन येते’ म्हटलं की शेजारीपाजारी गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं इस्पितळ, समजायचे, आणि मीही त्यांना तसं समजू द्यायचे. मनोरुग्णांचं इस्पितळ गोमेकॉला लागूनच आहे, हा केवढा दिलासा असतो ते तिथं गेलेल्यालाच ठाऊक. बसमधून उतरल्यावर आपण कुठल्या फाटकातून आत शिरलो ते कोण बघायला येतंय? बरी झाल्यावर मात्र वाटलं, ही लपवाछपवी आता पुरे. माईक हातात आला आणि मी सुटलेच.

सुरुवात ठरलेली असायची, पणजीतल्या आबे फारियाच्या पुतळ्यापासून. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला आपला माणूस. संमोहनात कसला चुंबकी द्रव नसतो, जे घडतं ते समोरच्याच्याच मनात घडतं, असं पॅरिसमध्ये ठासून सांगणारा. तोच फारिया तरुणपणी प्रवचनाला उभा राहिला आणि गप्पगार झाला, तेव्हा म्हणे बापानं मागून कोकणीत कुजबुजून सांगितलं, ही सगळी भाजी आहे, ‘कातर रे भाजी’. ही गोष्ट सांगितली की सभागृह हसायचं, सैल व्हायचं. मग मी माझं सांगायचे. मग म्हणायचे, आता तुम्ही बोला.

आता २०१८ चा ऑक्टोबर. डिचोली तालुक्यातला एक गाव. नाव सांगणार नाही, तुम्हीही ओळखायचा प्रयत्न करू नका. २०१२ साली एकदा बंद पडलेल्या खाणी त्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा बंद झाल्या होत्या. घराघरापुढे ट्रक ताडपत्री पांघरून उभे होते, आणि आमच्या बॅनरवर लिहिलं होतं ‘सकारात्मक विचार करा’. ट्रकचा हप्ता सकारात्मक विचारांनी फिटत नाही, हे त्या दिवशी मला सुचलं नाही. आज सुचतं, त्याचा उपयोग नाही.

सभागृह भरलेलं. बचतगटाच्या बायका, अंगणवाडीच्या ताई, दोन पंच, मागं भिंतीला टेकलेले पुरुष. दीडेकशे माणसं असतील. पणजीच्या कॉलेजांत मी एक प्रकार करायचे तो इथंही केला. म्हटलं, ‘गेल्या महिन्याभरात ज्यांना एकदा तरी जगणं नको झालं, त्यांनी हात वर करा.’ कॉलेजात एवढं म्हटलं की निम्मा वर्ग हात वर करतो. मुलं एकमेकांकडे बघतात, हसतात, हलकी होतात, आणि मग आपापल्या वाटेनं घरी जातात. इथंही वीसेक हात येतील असा माझा हिशेब होता.

एक हात वर आला.

तिसऱ्या रांगेत, खिडकीकडे. पंचविशीची असेल. हात पुरता वरही नव्हता, कोपर कुशीलाच होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या एकदम करकरल्या, कारण सगळे वळून बघायला लागले. आणि मी काय केलं? मी म्हटलं, ‘शाब्बास! हिच्यासाठी जोरदार टाळ्या!’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी सासू बसली होती, तिनंही दोन वाजवल्या आणि हात ओटीत घेऊन बसली. मी पुढच्या मुद्द्याकडे वळले. झोप, व्यायाम, छंद. शेवटी आभार, पातळभाजी-पाव, चहा. फोटोच्या वेळी एका पंचानं तिला हाका मारून पुढं आणलं. फोटोत ती माझ्या शेजारी आहे आणि माझा हात तिच्या खांद्यावर आहे. तो फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. कुणी पाठवला असं विचारू नका. मीच पाठवला, ‘मौन मोडणारी आमची रणरागिणी’ असं वर लिहून.

दोनेक महिन्यांनी साखळीच्या बाजारात ती भेटली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती सरळ सांगत होती, भाव सांगावा तशी. त्या रात्री घरच्यांनी न्हाणीघराची कडी काढून टाकली. मूल सासूजवळ झोपायला लागलं. माहेरी फोन गेला, तुमची पिशी, म्हणजे वेडी, घेऊन जा म्हणून. नळावर बायका तिच्याशी जास्तच गोड बोलायला लागल्या. मी म्हटलं, माझा नंबर होता ना तुझ्याकडे? ती म्हणाली, ‘बाई, तुमी गाडयेंत बसून वतात. हांव थंयच रावतां.’ तुम्ही गाडीत बसून जाता, मी तिथंच राहते.

आता माझी बाजू. मी काही वाईट हेतूनं केलं नाही. कडी काढणारी सासूही काही वैरीण नव्हती, ती घाबरली होती. सून मरायचं म्हणते हे तिला भर सभेत कळलं, टाळ्यांच्या आवाजात, आणि रात्री घरी गेल्यावर काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही. ते सांगणं माझं काम होतं. मी छंदांवर बोलत होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय, डॉक्टर त्याला बांधील आहे. सभागृहातली दीडशे माणसं कशाला बांधील असतील?

आणि हे सगळं आपल्या गोव्यात लोकांना ठाऊक नव्हतं असंही नाही. मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संगाथ संस्थेनं इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना रुग्णांशी बोलायला शिकवून तयार केलं. सहा ते आठ बैठका, समोरासमोर. आज काय केलंत, उद्या काय जमेल, एवढ्यावर बोलणं. नेहमीच्या उपचारांना त्याची जोड मिळाली तेव्हा तीव्र नैराश्याच्या रुग्णांना जास्त गुण आला, हे २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. तिथं कुणी कुणासाठी टाळ्या वाजवत नाही.

पणजीला गेले की तो पुतळा अजून बघते. इतकी वर्षं मी फारियाच्या पसरलेल्या हातांबद्दल बोलले. समोर कोसळणाऱ्या बाईचं कधी नावही घेतलं नाही. तिला नाव नाहीच.

मग गप्प बसायचं का? माझ्यातली जुनी मी भांडायला येते ती इथंच. ‘कुणी माईकवर बोललं असतं तर तू दोन वर्षं आधी बांबोळीला गेली असतीस,’ म्हणते. खरं आहे. ‘आणि आता घसा बसलाय सांगतेस, ती लपवाछपवीच नव्हे का?’ तीही आहे. माझ्याकडे उत्तर नाही. मी एवढंच करते की कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन बायकांच्या संडासाच्या दाराला आतून, कडीच्या वर, एक कागद चिकटवते. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, केव्हाही. वाचताना तिथं कुणी वळून बघत नाही.

गेल्या ऑक्टोबरात ती आली होती. एकटीच, मागच्या रांगेत बसली. ट्रक विकला म्हणाली, आणि ‘आरोग्य केंद्रात जात होते, आता जावं लागत नाही.’ मी माफीचं काहीतरी पुटपुटायला लागले, तर तिला आवडलं नाही. ‘हात मी वर केला होता. तुम्ही कशाला घेता सगळं अंगावर?’ यात ती मला सोडवत होती की दटावत होती, मला आजही कळलेलं नाही.

मग तिनंही तेच विचारलं. बाई, तुम्ही बोलत का नाही?

मी म्हटलं, घसा बसलाय. तिनं माझ्या हातातल्या खुर्च्या घेतल्या, एकात एक घातल्या आणि भिंतीकडे घेऊन गेली.