सहा मिनिटांची चाल

शुक्रवार, रात्री साडेनऊ

आज ३९० मीटर झाले. घरी आल्यावर बूटसुद्धा न काढता आधी वहीत लिहून ठेवलं. त्याच पानावर वर पहिल्या दिवशीचा आकडा आहे, २७०. मधे पाच आठवडे गेले आणि १४ सेशन झाली. हृदयाच्या ऑपरेशनला उद्या ११ आठवडे होतील.

ही सहा मिनिटांची चाचणी बघायला अगदी साधी वाटते. रिहॅबच्या, म्हणजे ऑपरेशननंतर देखरेखीखाली व्यायाम करून घेतात त्या हॉलबाहेर लांब पॅसेज आहे, तिथे ३० मीटर मोजून दोन टोकांना नारिंगी कोन ठेवतात. त्यांना वळसे घालत सहा मिनिटं चालायचं. पळायचं नाही. दम लागला तर भिंतीला टेकून थांबता येतं, पण घड्याळ चालूच राहतं. आमच्या फिजिओ मॅडम दर मिनिटाला तेवढ्याच शांत आवाजात सांगतात, "छान चाललंय ताई, चार मिनिटं राहिली."

पहिल्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला मी भिंतीला टेकले होते. दम फारसा लागला नव्हता. घाबरले होते. छातीचं मधलं हाड कापून स्टीलच्या तारांनी परत बांधलंय, त्या तारा निसटल्या तर? हृदयात नवा बसवलेला व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, हलली तर? एक हात छातीवर गच्च दाबून मी उभी होते. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बोटाला लावलेल्या मशीनवरचे आकडे त्यांनी मलाच वाचायला लावले. ऑक्सिजन ९७, पल्स १०४. "आकडे काय म्हणतात ताई?" मी म्हटलं, बरे आहेत. "मग चला."

'चला' हा शब्द कित्येक दिवसांत कुणी मला म्हटला नव्हता. घरी सगळे 'बस' म्हणत होते. हॉस्पिटलमधून सोडताना दिलेल्या कागदावर गोळ्यांची यादी होती, आयएनआरच्या, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते बघायच्या तपासणीच्या तारखा होत्या आणि खाली 'आराम' लिहिलं होतं. रिहॅबचा उल्लेखही नव्हता. शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या भावाचं बायपास झालं होतं, त्यांच्याकडून मला रिहॅबचं कळलं. याचं मला अजून वाईट वाटतं, रागही येतो. एवढं मोठं ऑपरेशन इतक्या निगुतीनं केलं, मग पुढचं एक वाक्य कागदावर लिहायला काय हरकत होती? ज्यांना असा सहकारी भेटत नाही, ते महिनोन् महिने खाटेवर बसून राहत असतील.

मीही तशीच बसून होते. आई गावाहून आली आहे. मी निवडायला भाजीचं ताट पुढ्यात ओढलं की ती ते काढून घ्यायची. "आगं बस की गप. टाकं उसवतील." हे तर बाथरूमच्या दाराबाहेर उभे राहायचे. दोघांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण त्या मायेनं मी आणखी भित्री होत गेले. दोन-तीन किलोच्या वर उचलायचं नाही, ढकलायचं-ओढायचं नाही, खोकताना उशी छातीशी धरायची, उठताना आधी कुशीवर वळायचं, हे नियम खरेच आहेत आणि मी ते पाळते. कणीक अजून मळत नाही, कारण मळताना सगळा जोर छातीवर येतो. पण या चार गोष्टींच्या पलीकडे जे काही करता येण्यासारखं होतं, तेही आम्ही सगळ्यांनी मिळून बंद करून टाकलं होतं.

मला तर दम न लागता चालणं म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. पाचवीत असताना घसा धरला, ताप आला, मग गुडघे सुजले, घोटे सुजले. तो संधिवाताचा ताप होता. सांधे महिन्याभरात बरे झाले, पण हृदयाच्या डाव्या बाजूची झडप त्यानं धरून ठेवली. पुढे दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. माणमधल्या आमच्या गावातून आई मला एसटीनं दहिवडीला न्यायची. इंजेक्शन इतकं दुखायचं की परतीच्या एसटीत मी एका अंगावर कलून बसायची. लग्नानंतर ते सुटलं. बरं वाटत होतं म्हणून सुटलं, आणि त्याचा मला खरंच पश्चात्ताप आहे. पुढची वीस-बावीस वर्षं झडप हळूहळू जाड आणि कडक होत गेली. दोन जिने चढल्यावर थांबायचं, फळ्यावर लिहिता लिहिता श्वास घ्यायला वर्गाकडे वळायचं, रात्री दोन उशा घ्यायच्या, हे सगळं वयाचं म्हणून अंगवळणी पडलं होतं. चाळीशीच्या आतच. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला तेव्हा चार ते सहा चौरस सेंटिमीटर असायला हवं ते झडपेचं तोंड ०.९ वर आलं होतं. शिवाय गळतीही होती, त्यामुळे फुग्यानं उघडण्याचा मार्ग राहिला नव्हता.

आता आत 'चित्रा' व्हॉल्व्ह आहे. धातूच्या कड्यात तिरपी होणारी एक चकती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला. आधीचे तीन नमुने फसले, चौथा टिकला, आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवला गेला. हे वाचल्यावर मी बोटांवर हिशेब केला. त्या डिसेंबरात मी सहावीत होते आणि आईबरोबर दहिवडीच्या एसटीत बसत होते. मला लागणारी वस्तू तेव्हाच देशाच्या दुसऱ्या टोकाला तयार होत होती. परवा आईला हे सांगितलं तर तिनं पदर डोळ्यांना लावला.

व्हॉल्व्हचा आवाज येतो. रात्री सगळं शांत झालं की उशीतून टिक टिक ऐकू येते. पहिले काही दिवस मी तो मोजत जागी राहायची, एखादा ठोका मागेपुढे झाला की घाम फुटायचा. मिनिटाला ८० धरले तरी दिवसाचे १ लाख १५ हजार २०० होतात. गणिताची शिक्षिका आहे, आकड्यांवर माझा विश्वास आहे. हळूहळू लक्षात आलं की मी झोपले तरी तो मोजणी चुकवत नाही.

हॉलमध्ये आम्ही सोमवार, बुधवार, शुक्रवार सातआठ जण असतो. सासवडचे एक काका बायपासचे. एक निवृत्त पोस्टमास्तर. आणि बीडचा १९ वर्षांचा मुलगा, त्याचे दोन व्हॉल्व्ह बदललेत, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं. त्यालाही लहानपणी तोच ताप. त्याच्याकडे बघितलं की पोटात कालवतं. तो इथे मामाकडे राहतो आणि आल्या आल्या सगळ्यांच्या खुर्च्या ओढून द्यायला जातो, मग मॅडम ओरडतात, ओढायचं नाही म्हणून.

आधी बीपी, मग छातीवर तीन चिकट पट्ट्या. त्या लावताना मॅडम व्रणापासून दोन बोटं अंतर ठेवतात आणि दर वेळी हात आधी चोळून गरम करून घेतात. व्रण वरच्या टोकाला अजून गुलाबी आहे. दहा मिनिटं हातपाय मोकळे करायचे, मग ट्रेडमिल, मग सायकल, आणि शेवटी परत हळूहळू थंड व्हायचं. एकदम थांबायचं नाही, चक्कर येते. ट्रेडमिलसमोर भिंतीवर ६ ते २० आकड्यांचा तक्ता आहे. ६ म्हणजे अजिबात कष्ट नाहीत, २० म्हणजे जीव काढणारे. मधेच मॅडम विचारतात, "किती?" आणि आपण आपला आकडा सांगायचा. मी पल्स मंद ठेवणारी गोळी घेते, त्यामुळे नुसत्या पल्सवरून माझे कष्ट कळत नाहीत, माझंच ऐकावं लागतं. ११ ते १३ च्या मधे राहायचं, म्हणजे श्वास वाढलेला पण वाक्य पूर्ण बोलता येईल इतपत. सुरुवातीला मी काहीही केलं तरी १५ सांगायची. मॅडमनी एकदा विचारलं, "ताई, हे १५ पायांचे की भीतीचे?" त्या दिवशी घरी येऊन खूप रडले. भीतीचेच होते. आता खरा आकडा सांगते. आज ताशी ३.८ किलोमीटरला १२ होते.

आहारतज्ज्ञांनीही एक मोठं ओझं उतरवलं. रक्त पातळ करायच्या गोळीमुळे पालेभाजी बंद, असं मला कुणीकुणी सांगितलं होतं आणि मी मेथीला हात लावत नव्हते. त्या म्हणाल्या, खा, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच खा. एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात अजिबात नाही, असं केलं की आयएनआर खालीवर होतो. माझा २.५ ते ३.५ मध्ये राहायला हवा. गेल्या वेळी २.८ होता. आता मंगळवारी मेथी, शुक्रवारी पालक ठरलाय.

आज हे पहिल्यांदाच आत आले. एरवी बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसतात. चाचणीच्या वेळी मॅडमनी त्यांना पॅसेजच्या टोकाला उभं केलं आणि फेऱ्या मोजायला सांगितल्या. हे प्रत्येक फेरीला एक बोट मिटत होते. दहाच्या पुढे बोटं संपली तेव्हा त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली, आणि तेराव्या फेरीला त्यांचा चेहरा बघून मीच नजर वळवली. मी एकदाही थांबले नव्हते. आमच्या घरी लिफ्ट नाही. दहा आठवडे त्यांनी जिन्यावर माझं कोपर धरलंय. आज ते पिशवी घेऊन मागून आले.

घरी आल्यावर त्यांनीच आईला सांगितलं, ३९० मीटर. आई म्हणाली, "म्हंजी किती लांब?" ह्यांनी जरा विचार केला. "गावात एसटी थांब्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत जायचं आणि परत यायचं. न थांबता."

आई गप्प झाली. मग स्वयंपाकघरात गेली आणि ताट घेऊन आली. त्यात कोथिंबिरीची जुडी होती.

"एवढी निवड," म्हणाली, "मी तवर भाकरी टाकते."