झडीतला अकोट रस्ता

श्रावणाच्या तोंडावर वऱ्हाडात झड लागली की अकोल्याहून अकोटला जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून दिसणारा मुलूख जवळजवळ रिकामा होतो. सुमारे 45 किलोमीटरच्या या रस्त्यावर एरवीही नजरेला अडवणारे फारसे काही नसते. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि मुगाची वावरे, धुऱ्यावरची एखादी बाभूळ, आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. झडीत ती रेघही पुसली जाते आणि आभाळ नेमके कुठे संपले ते कळेनासे होते. कामाच्या निमित्ताने मी या गाडीने नेहमी ये-जा करतो आणि पावसाळ्यातला हा प्रवास मला वर्षभरातल्या सर्व प्रवासांपेक्षा प्रिय आहे, कारण घाटाच्या वाटेवर डोळे बाहेरच गुंतून पडतात, तर या सपाटीवर देखावे उभे करण्याचे काम मनालाच हाती घ्यावे लागते.

माझे मन पहिल्यांदा इथे समुद्र आणते. वावरांत साचलेल्या पाण्यावर वाऱ्याने बारीक लाटा उठू लागल्या की गाडी जहाज होते, दूरची निंबाच्या झाडांत दडलेली गावे बेटे होतात, आणि वाहकाने घंटीची दोरी ओढली की एखाद्या बेटाचे प्रवासी छत्र्या उघडून खाली उतरतात. सातपुडा अर्थातच पलीकडचा किनारा असतो आणि त्यावरचा नरनाळा किल्ला हे दीपगृह. या समुद्राला मी अजून नाव दिलेले नाही, पण त्याची भरती-ओहोटी मला पाठ आहे. झड लागली की भरती, आणि जमिनीला वापसा आला की ओहोटी.

ही कल्पना निव्वळ हवेतली नाही, म्हणून ती मला अधिकच आवडते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना पसरलेला हा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो, आणि इथल्या विहिरींचे पाणी खरोखरच खारट आहे. येथे पूर्वी समुद्र होता असे गावोगावची वडीलधारी माणसे सांगतात. अभ्यासक मात्र या खारटपणाचे कारण खोऱ्यातला गाळ, पाण्याचा मंद निचरा आणि कोरड्या हवेत साठत गेलेले क्षार यांत शोधतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून झालेला काळा कातळ या भागात खोल खचला, सातपुडा त्याच्या उत्तरेला उंच राहिला आणि मधल्या खोलगटात नद्यांनी शेकडो मीटर जाडीचा गाळ आणून भरला. म्हणजे माझी गाडी ज्या सपाटीवरून धावते तिच्या पोटात एक बुजलेली दरी आहे. हे वाचल्यापासून माझ्या जहाजाखालचे पाणी एकदम खोल झाले आहे.

समुद्र ओसरला की शहामृगे येतात. महाराष्ट्रात शहामृग होते, ही गोष्ट मला आजही आनंदाने थक्क करते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली, आणि त्यातल्या एका तुकड्यावर अश्मयुगातल्या माणसाने बारीक रेघांची नक्षी कोरलेली आहे. तिचे वय सुमारे 25 हजार वर्षे मानले जाते. पाटणे इथून बरेच पश्चिमेला आहे, परंतु शहामृगाच्या पायांना ते अंतर किती वाटणार? मग मी त्यांचा एक कळप चोहोट्टा बाजारच्या अलीकडे सोयाबीनच्या वावरातून गाडीला समांतर पळवतो. त्यांची पिसे भिजून जड झालेली असतात, काळी माती पायांना लगडून त्यांचा वेग कमी होतो, आणि बाजूला उभी असलेली काळविटे मान वर करून या पाहुण्यांकडे बघत राहतात. काळविटे तेवढी खरी असतात. या पट्ट्यात त्यांचे कळप अजूनही आहेत आणि कोवळ्या पिकाची नासाडी करतात म्हणून शेतकरी त्यांच्यावर रुष्ट असतात; तो राग रास्त आहे. तरीही पावसात एखादा काळा नर उभा दिसला की गाडीतली बोलणी क्षणभर थांबतात.

गांधीग्रामचा पूल आला की मात्र मी सगळी प्राणिसृष्टी बाजूला ठेवतो, कारण इथे पूर्णा प्रत्यक्ष दिसते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यातील राजराजेश्वराला जलाभिषेक करण्यासाठी कावडधारी इथूनच पाणी भरून, सुमारे 18 किलोमीटर अनवाणी चालत रात्रभरात शहरात पोचतात. भरण्यांच्या, म्हणजे कावडीला बांधलेल्या पाण्याच्या भांड्यांच्या, त्या उतरंडी आणि त्यांना खांदा देणारी पोरे ज्याने पाहिली आहेत, त्याला या रस्त्यावर एकटे वाटणे शक्य नाही. मला नेहमी वाटते की त्या रात्री नदीच उठून देवाच्या भेटीला चालत निघते आणि पोरे तिला फक्त वाट दाखवतात. उरलेले पाणी उलट्या दिशेचा लांबचा प्रवास धरते: चांगदेव गावापाशी तापी, आणि तापीबरोबर सुरतेच्या पुढे अरबी समुद्र. काचेवरून ओघळणाऱ्या एखाद्या थेंबाला मी मनातल्या मनात तिथपर्यंतचे तिकीट काढून देतो.

याच मुलखात पिण्याचे गोडे पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून नळाने आणावे लागते, हे स्वप्नांच्या गर्दीतही विसरता येत नाही. भर पावसात, चहूकडे पाणी असताना, गावाच्या नळावर ठेवलेल्या गुंडांची, म्हणजे पाण्याच्या भांड्यांची, रांग खिडकीतून दिसते. त्या बायांसाठी मी एक विहीर कल्पिली आहे. ती त्यांच्या अंगणातच आहे आणि तिचे पाणी गोड लागते. माझ्या सगळ्या कल्पनांमध्ये हीच एक अशी आहे की जी खरी व्हावी असे मला मनापासून वाटते.

मागच्या आठवड्यात शेजारी बसलेल्या शाळकरी मुलीने मला विचारले, "काका, बाहेर काय पाहून राह्यले?" मी तिला शहामृगांचे सांगितले आणि दोन्ही तळहातांनी अंड्याचा आकार दाखवला. ती थोडा वेळ विचारात पडली आणि म्हणाली, "आमच्या वावरात बी भेटन का?" नदीकाठच्या जुन्या गाळात शोधावे लागेल, तुकडा नखाएवढाच असेल, असे मी म्हणालो. तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला: नक्षी काढायला त्या माणसाने कोणती टोकदार वस्तू वापरली असेल? गारगोटीचे पाते, असे मी उत्तर दिले, आणि पुढचा सारा रस्ता आम्ही दोघांनी त्या कवचावर काय काय कोरता येईल याची चर्चा केली. तिला काळवीट कोरायचे होते.