मावशींच्या विश्रांतीचा अर्धा तास

बाणेरमधील आमच्या घरी मुलाला सांभाळायला येणाऱ्या मावशी सकाळी साडेनऊपासून सायंकाळी साडेसहापर्यंत थांबतात, आणि मी व माझा नवरा आठवड्यातील बहुतेक दिवस घरूनच काम करतो. आईवडील घरात असले की सांभाळणाऱ्या बाईंना उसंत मिळत असेल, असा सर्वांचा समज असतो. प्रत्यक्षात पाणी प्यायला मी खोलीबाहेर आले की मुलगा मला बिलगतो, मी आत गेले की दाराशी बसून रडतो, आणि त्याची समजूत घालण्याचे जादा काम मावशींच्या गळ्यात पडते.

त्यांच्या विश्रांतीची वेळ ठरवण्याचे मी मनावर घेतले, तेव्हा त्यांनीच मोडता घातला. “बाळ झोपतं तेव्हा मी टेकतेच की, ताई!” पण त्या वेळात त्या कपड्यांच्या घड्या घालत असतात आणि कान पाळण्याकडे असतो. महाराष्ट्राच्या २००८ च्या घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियमाचा भर नोंदणी आणि कल्याणकारी लाभांवर आहे, त्यामुळे रोजच्या विश्रांतीसाठी त्याचा आधार मिळाला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ च्या करार क्रमांक १८९ मध्ये मात्र, घरातून हाक येईल म्हणून अडकून राहावे लागणारा वेळ, देशातील कायदे ठरवतील त्या मर्यादेत, कामाचाच धरावा असे म्हटले आहे. भारताने हा करार स्वीकारलेला नाही, तरी मला ते पटले आणि मुलाची झोप हिशेबातून वगळली.

नवऱ्याच्या बैठका अमेरिकेच्या वेळेनुसार सायंकाळी असल्याने दुपारी दीड ते दोन मुलगा त्याच्या ताब्यात द्यायचे ठरले आणि कार्यालयीन कॅलेंडरमध्ये ती वेळ त्याने राखून ठेवली. आमच्यासमोर जेवायला मावशींना संकोच वाटे. म्हणून त्या अर्ध्या तासात स्वयंपाकघराचे दार लोटून घ्यायचे आणि मुलाचा डबा, दूध, लंगोट सारे आधीच बाहेर काढून ठेवायचे, हेही ठरवावे लागले. (लंगोट कुठे आहेत, हे विचारायला पहिल्याच दिवशी नवरा आत डोकावला होता!) आता त्या जेवून खाली बागेत जातात आणि लेकीशी फोनवर बोलतात.

आम्ही दोघेही कार्यालयात जातो त्या दिवशी मुलाला घ्यायला घरात कोणी नसते. त्या दिवसाचे जादा पैसे आम्ही देतो. विश्रांतीची सोय मात्र अजून झालेली नाही.