तुम्ही विचारलंत म्हणून: मिशनऱ्याला पोसतं कोण?

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सुवार्ता समितीचं (ख्रिस्ताचा संदेश पोचवायला माणसं पाठवणाऱ्या समितीचं) काम मी बघतो हे कळलं की थोड्या ओळखीनंतर लोक हमखास विचारतात, "या मिशनऱ्यांना पैसा कुठून येतो हो? आणि त्यांना शिकवतात तरी काय?" पहिल्या प्रश्नात बऱ्याचदा संशय असतो, दुसऱ्यात नुसतं कुतूहल. मला दोन्ही चालतात. मनात ठेवण्यापेक्षा तोंडावर विचारलेलं केव्हाही बरं.

आधी पैशाचं सांगतो, आणि सुरुवात मिझोरामपासून करतो. तिथल्या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) घरांत स्वयंपाकाला तांदूळ काढला की पातेल्यात जाण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात पडते. रोज, प्रत्येक जेवणाला. याला ते 'बुहफाइ थाम' म्हणतात. साठलेला तांदूळ मंडळीतल्या बायका घरोघरी फिरून गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसे मंडळीच्या कामाला लागतात. ही रीत १९१० साली सुरू झाली. लॉरेन आणि सॅव्हिज हे तिथे राहून काम करणारे पहिले दोन मिशनरी त्या डोंगरांत पोचले होते १८९४ च्या जानेवारीत. म्हणजे सुवार्ता येऊन वीस वर्षंही झाली नव्हती, लोकांच्या हातात रोख पैसा जेमतेम होता, आणि तरी देणं सुरू झालं. पैसा नव्हता, भात होता. आज त्याच मंडळ्या भारतातल्या इतर राज्यांत आणि देशाबाहेरही आपली माणसं पाठवतात, आणि त्या खर्चात या मुठीचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे हेच सुगीच्या सणाला दिसतं. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये त्या रविवारी जाऊन बघा. वेदीसमोर बाजरीची, गव्हाची पोती, कांदे, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, टोपलीत अंडी. उपासना संपली की लिलाव. कोणीतरी दोनशेची कोंबडी पाचशेला घेतो आणि तिथल्या तिथे परत देऊन टाकतो, की पुन्हा बोली लावा. ती कोंबडी तीन-चारदा विकली जाते. शेवटी एखादी म्हातारी उठते, कमरेची पिशवी सोडून दोन अंड्यांचे शंभर रुपये मोजते आणि अंडी पाळकबाईंच्या हातात ठेवते. संध्याकाळी पंच मंडळी सतरंजीवर बसून नोटा सरळ करतात, वहीत लिहितात. सुवार्तेच्या कामाला जो पैसा जातो त्यातला बराचसा मी असा जमताना पाहिला आहे.

"पण परदेशातून येतोच ना?" होय, येतो. संस्थांना तो घ्यायचा तर १९७६ पासून त्यासाठी कायदा आहे, २०१० साली तो नव्याने झाला, आणि हिशेब सरकारला द्यावा लागतो. पूर्वी तर जवळजवळ सगळाच बाहेरून यायचा. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले ते तिकडच्या मंडळ्यांच्या वर्गणीवर. पण ती वर्गणी तरी कोणाची होती? याच मिशन बोर्डाला पुढे प्रशांत महासागरातल्या बेटांसाठी जहाज हवं होतं. तिकडच्या रविवार शाळेतल्या मुलांनी दहा-दहा सेंटचे 'शेअर' घेतले आणि १८५६ साली 'मॉर्निंग स्टार' बॉस्टनहून निघालं. देणारे तिथेही बहुधा साधेच होते. फरक पडतो तो त्या पैशाने देणारा आणि घेणारा यांच्यात काय होतं, त्याने.

ते सर्वांत स्पष्ट बोलले तमिळ ख्रिस्ती पुढारी व्ही. एस. अझरय्या. तिरुनेलवेलीच्या तमिळ मंडळ्यांनी १९०३ साली आपली स्वतःची मिशनरी सोसायटी काढली, आपल्याच पैशाने, आणि निजामाच्या मुलखात तेलुगू लोकांत डोर्नकलला काम सुरू केलं. १९०५ च्या नाताळाच्या दिवशी बंगालमधल्या सेरामपूरला राष्ट्रीय पातळीवरची सोसायटी उभी राहिली. माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय असा तिचा बाणा होता. या दोन्हींत अझरय्या पुढे होते. १९१० साली एडिंबरोला जगभरचे मिशनरी जमले तेव्हा त्यांनी भर सभेत सांगितलं, की तुम्ही गरिबांसाठी धन दिलंत, देहही जाळायला दिलेत, आता आम्हांला मित्र द्या. सभेत अनेकांना ते झोंबलं. झोंबायलाच हवं होतं. पगार देणारा आणि पगार घेणारा एकाच ताटात जेवत नसतील तर सुवार्तेचं अर्धं तिथेच संपतं. आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१७ साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारायला निघाले, त्यामागेही मला हीच तळमळ दिसते.

आणि आमिषाबद्दल विचाराल तर माझं मत पक्कं आहे. धान्य, शाळेची फी, औषध यांच्या बदल्यात बाप्तिस्मा मागणारा माणूस ख्रिस्ताचं काम करत नाही. भुकेल्याला द्यायचं ते तो भुकेला आहे म्हणून. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना हे पहिल्या आठवड्यातच बजावलं जातं.

आता शिकवतात काय. बायबलचा अभ्यास, मंडळीचा इतिहास, इतर धर्मांची ओळख हे सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात, होतं. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी आधी यवतमाळला होती, १९८३ साली पुण्याला आली, तिथे देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलंमुली येतात. प्रथमोपचार, हिशेब ठेवणं, कमी पैशात घर चालवणं हेही शिकावं लागतं. पण ज्याच्यावर सगळं अवलंबून असतं ती भाषा.

मी समितीच्या वतीने बाहेरून आलेल्यांना मराठी शिकवतो. मिझोरामच्या मुलीला 'ळ' म्हणायला लावलं की ती जीभ कुठे ठेवावी म्हणून हैराण होते. केळं, डाळ, बाळ, आभाळ, अख्खी सकाळ त्यातच जाते. शेजारी बसलेला तमिळ मुलगा पहिल्याच फटक्यात 'ळ' म्हणतो, कारण तो त्याच्या घरचाच आहे. पण खुर्ची ती, टेबल ते आणि पंखा तो का, इथे दोघेही सारखेच अडतात. मी कारण देत नाही, बाजारात पाठवतो. भाजीवाल्या मावशी चुका काढतात, हसतात, मग कोथिंबिरीची काडी जास्तीची देतात. 'मावशी' म्हणायचं, 'तुम्ही' म्हणायचं, भाव करायचा पण अपमान करायचा नाही, कोणाच्या घरी गेल्यावर चपला कुठे काढायच्या, चहाला नाही म्हणू नये. वर्षभर असं शिकणारा माणूस गावात गेला की त्याला गावकरी शिकवत राहतात, आणि शिकणाऱ्याच्या जागी बसलेल्या माणसाशी लोक मोकळं बोलतात. दोन आठवडे येऊन दुभाष्याच्या तोंडून भाषण करून फोटो काढून परतणाऱ्यांच्या मी विरोधात आहे. समितीतही मी हे बोललो आहे.

हे नवं नाही. सेरामपूरला इंग्रज मिशनरी विल्यम केरींनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं ते वैजनाथ पंडितांच्या मदतीने, म्हणजे गुरू इथलेच. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली एकट्या, अविवाहित मुंबईत आल्या, मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिका होण्याचं शिक्षण त्यांच्याकडे घेतलं. पस्तीस वर्षं एका मुलखात काढल्याशिवाय असं काही घडत नाही.

एवढी वर्षं माणूस टिकायचा तर त्याला पाठीमागून काय लागतं, हे कोणी विचारत नाही. मला ते विचारायला हवं आहे. गॉर्डन हॉल नाशिककडच्या दौऱ्यावर १८२६ साली पटकीने (कॉलऱ्याने) गेले, तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते. आता पटकीची तेवढी भीती नाही. आता मुलांच्या वसतिगृहाची फी असते, मलेरियाने बिघडलेलं यकृत असतं, गावाकडे एकटी पडलेली आई असते. बाई मिशनरी असेल तर आजारपणात सोबतीला कोण, हा प्रश्न असतो. आणि पंचवीस वर्षांनी परतल्यावर ना घर, ना पेन्शन. पाठवताना डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणाऱ्या मंडळीत परतलेल्याला नीट ओळखणारेही फारसे उरलेले नसतात. अशा एका जोडप्याला साठीनंतर भाड्याची खोली शोधत फिरताना मी बघितलंय. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून आम्ही करायची.

यंदा सुगीच्या लिलावाचा एक भाग परतलेल्यांच्या औषधपाण्यासाठी आणि घरभाड्यासाठी वेगळा काढावा, असा ठराव मी समितीपुढे ठेवला आहे. काहींचं म्हणणं, पैसा नव्या माणसांना पाठवण्यावर खर्च व्हावा. पुढच्या बैठकीत पुन्हा चर्चा आहे. तुम्ही मंडळीचे असाल तर तुमच्याकडे परतलेले कोण आहेत आणि ते कुठे राहतात, एवढं तरी येत्या रविवारी पाळकांना विचारा.