डॉसन सिटी: गोठलेल्या जमिनीवरचं सोन्याचं गाव

कॅनडाच्या युकॉन प्रदेशाची राजधानी व्हाइटहॉर्स, तिथून डॉसन सिटी साधारण 530 किलोमीटर. क्लोंडाइक हायवेने सहा-सात तास धरा. कारमॅक्सला टाकी भरून घ्यावी, पुढे पंप मोजकेच आहेत. रस्त्याखालची गोठलेली जमीन जागोजागी वितळून खचते, म्हणून डांबरावर लाटा आल्यासारखे उंचवटे लागतात. दुरुस्तीच्या पट्ट्यांत खडी उडून काच तडकते. भाड्याच्या गाडीच्या विम्यात काच धरली आहे का, हे आधीच विचारा.

गाव जवळ आलं की गोट्यांचे वळसेदार ढीग दिसू लागतात, गांडुळाने माती टाकत जावं तसे. ही ड्रेजची, म्हणजे ओढ्याचा तळ उपसून सोनं धुणाऱ्या तरंगत्या यंत्राची करणी. ऑगस्ट 1896 मध्ये रॅबिट क्रीक या ओढ्यात, म्हणजे आजच्या बोनान्झामध्ये, सोनं सापडलं आणि दोन वर्षांत हजारो लोक इथे लोटले. सुरुवातीचे खाणवाले रात्री लाकडं पेटवून जमीन वितळवत, सकाळी थोडी खोदत आणि वाळू साठवत. ती धुवायची वसंतात, ओढा वाहू लागल्यावर. पुढे कंपन्यांचे ड्रेज आले. बोनान्झा रस्त्यावरचा ड्रेज क्रमांक 4 लाकडी तळाचा असून तो 1959 पर्यंत चालला. तो जरूर पाहावा. त्या आधी 1953 मध्ये युकॉनची राजधानी डॉसनहून व्हाइटहॉर्सला गेली होती. आज गाव चालतं ते पर्यटनावर आणि अजूनही ओढ्यांत काम करणाऱ्या छोट्या खाणींवर.

सोनं स्वतः धुऊन बघायचं तर 'क्लेम 6' वर फुकट धुता येतं. घमेलं आणि फावडं आपलं न्यावं. क्लेम म्हणजे खाणवाल्याने हक्क सांगितलेला जमिनीचा तुकडा; त्याचे आकडे मूळ शोधाच्या जागेपासून ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला मोजतात. हा वरचा सहावा. घमेलं दोन-तृतीयांश भरा, पाण्याखाली धरून जोरात हलवा म्हणजे जड कण तळाशी बसतात, मग थोडं तिरकं करून वरची वाळू जाऊ द्या. काळी वाळू उरली की हात आवरा. बहुतेकांचं सोनं इथेच घाईने वाहून जातं. सोनारांकडची माती धुणाऱ्या झारेकऱ्यांना हे शिकवायला नको.

गावातले बरेच रस्ते मातीचे आणि पदपथ लाकडी आहेत, तेव्हा पावसाळी बूट हवेत. घराच्या उबेने खालची जमीन वितळली की घर कलतं; तिसऱ्या अॅव्हेन्यूवर एकमेकांवर रेललेल्या जुन्या इमारती हेच दाखवतात.

सोन्याआधी क्लोंडाइक नदीच्या मुखाशी त्रॉन्देक ह्वेचिन या मूळनिवासी लोकांची मासेमारीची जागा होती. गर्दी वाढली तेव्हा त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी लोकांना नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला नेलं. त्यांचं सांस्कृतिक केंद्र फ्रंट स्ट्रीटवर आहे. ते आधी पाहा, ड्रेज नंतर.

युकॉन नदीवरची फेरी फुकट आहे, पण बर्फ असताना बंद. पलीकडे टॉप ऑफ द वर्ल्ड हायवे अलास्कात जातो. सीमाचौकी फक्त उन्हाळ्यात, दिवसाच उघडी असते आणि अलास्काचं घड्याळ एक तास मागे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागेल, आणि परत यायचं तर कॅनडाच्या व्हिसावर पुन्हा प्रवेशाची सोय आहे का तेही तपासा.